दुसरी तपासणी

व्हर्नाने मागचं दार उघडलं, तेव्हा तिची आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मांडीवरच्या निळ्या पोशाखाच्या सुरकुत्या तळहाताने दाबत होती. सकाळचे दहा वाजले होते आणि विमा कंपनीची नर्स यायची होती दोनला.

"आई, तो परत कपाटात ठेव."

"का? डाग पडलाय?"

"वकीलबाईंनी काय सांगितलं होतं? रोज असतेस तशीच बसायचं."

"मी रोज अशीच असते," सिल्वी म्हणाली. अंगात झोपायचा झगा, वरून नातीचा स्वेटर, आणि उशीवर दबून एका बाजूने चपटे झालेले केस. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने आपल्याच स्वयंपाकघरात असं दिसावं यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण ते तिला त्या घडीला सांगणार कोण. "पाहुणी यायची आणि मी झग्यावर बसू? तुझ्या बापाने ऐकलं असतं तर?"

"ती पाहुणी नाही. तपासणीला येतेय."

"दारातून आत येते, कॉफी पिते, ती पाहुणीच."

व्हर्नाने बूट काढले आणि बर्फ झटकला. बोलायला तोंड होतं कुठे तिला? नोव्हेंबरातल्या पहिल्या तपासणीच्या दिवशी तिनेच पहाटे येऊन आईचे केस कुरळे करून दिले होते, तिनेच याच पोशाखाची बटणं लावली होती. नातीने, ब्रिटाने, आदल्या दिवशी वेलचीचा पाव भाजून ठेवला होता. आमच्या या टेकड्यांवरच्या, फिनलंडहून अमेरिकेत येऊन वसलेल्या फिन लोकांची खोडच आहे ती. परक्या माणसाने "कसं आहात" विचारलं की "बरं चाललंय" म्हणायचं, मग पाय मोडलेला असो की घर जळत असो. तेव्हाच्या नर्सने विचारलं, मदत लागते का, तर सिल्वी ताठ बसून म्हणाली, कसली मदत? आणि नर्सने मुलीकडे पाहिलं, तेव्हा मुलगीही म्हणाली, "आई सगळं करते." अहवालात ते दोघींच्या नावानिशी आलं: पोशाख नीटनेटका, कॉफी स्वतः ओतली, मदतीची गरज नसल्याचं स्वतः सांगितलं, मुलीचाही दुजोरा. तीन आठवड्यांत कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर.

हा विमा तिच्या बापाने, रेइनोने घेतला होता. म्हातारपणी घरी माणूस ठेवायची वेळ आली तर त्या माणसाचा पगार कंपनीने द्यायचा. सव्वीस वर्षं त्याने एकही हप्ता चुकवला नाही, आणि तो गेल्यावर सिल्वीने. अट एवढीच, की आंघोळ, कपडे, जेवण, संडास, अशा रोजच्या सहा गोष्टींपैकी दोन तरी माणसाला एकट्याने येत नसाव्यात.

"ब्रिटा कुठंय?" व्हर्नाने विचारलं.

"छपरावर. बर्फ ओढतेय. चांगली पोर आहे, पण सारखं काही ना काही उकरत असते. विसावा घ्यायला म्हणून आली, आणि विसावा काही घेत नाही." सिल्वीने टेबलाची कड धरली. "मला पुढच्या खोलीत ने. रेडिओ लाव. तुझं तोंड असं असलं की मला चैन पडत नाही."

व्हर्नाने तिला काखेत हात घालून उठवलं, पुढच्या खोलीत बसवलं, रेडिओ लावला आणि दार लोटून घेतलं. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. तिचा धाकटा भाऊ एल्डन तीन तास गाडी हाकत आला होता, आणि टोपीसुद्धा न काढता त्याने एक पाकीट टेबलावर आपटलं.

"हे वाच."

"काय आहे?"

"कोर्टाचं समन्स. ब्रिटाच्या शिक्षणाच्या कर्जाचं. तिने वर्षभर हप्ते भरले नाहीत, आणि मी जामीन, म्हणून मलाही खेचलंय. कागदाच्या गिरणीत, पाळी सुटताना, सगळ्यांच्या देखत आणून दिलं माझ्या हातात. माझ्या पगारातून कापून घेतील आता."

"हळू बोल. आई आत आहे."

"चौदा महिने हळूच बोलतोय आपण." तरीही तो जरा खालच्या आवाजात आला. "मार्शाची मुलगी म्हणून मी सही केली. आपली बहीण जिवंत असती तर तिने केली असती. त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या पोरीची नोकरी कुणी काढून घेतली नव्हती, व्हर्ना. डुलुथच्या इस्पितळात, प्रयोगशाळेत चांगली रुळली होती. हप्ते वेळेवर जात होते. तू फोन केलास."

"मग काय करायला हवं होतं मी? आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. परक्या बाईला अंगाला हात लावू देईना. तेव्हा कंपनीकडे अर्जही करू देईना. 'नातीला आधार हवाय, तिची नोकरी गेली,' असं सांगितलं, तर लगेच म्हणाली येऊ दे. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तू यायचंस."

"माझं दुकान आहे. हँकची पाठ धरलेली."

"तू चार मैलांवर राहतेस."

व्हर्नाला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, कारण तो खोटं बोलत नव्हता. दर रविवारी चर्चनंतर ती यायची, कॉफी प्यायची, भांडी विसळायची, आणि आई "बरं चाललंय" म्हणाली की सुटल्यासारखी घरी जायची. त्या शब्दांवर विश्वास ठेवणं तिच्या सोयीचं होतं. हे तिने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, नवऱ्याजवळ, हँकजवळसुद्धा नाही.

"आईला यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली. "तिला वाटतं, तीच ब्रिटाला सांभाळतेय. त्याच्यावर उभी आहे ती."

एल्डन दाराकडे बघत होता. व्हर्नानेही पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की रेडिओ बंद आहे. किती वेळ बंद होता देव जाणे.

"एल्डन," आतून हाक आली. "कागद घेऊन आत ये."

सिल्वीने समन्स बोटाने ओळीओळीने वाचलं. वाचताना ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तिने कागद घडीवर घडी घालून मांडीवर ठेवला आणि खिडकीच्या काचेवर टकटक केलं. बाहेर शिडीवरून उतरणाऱ्या ब्रिटाने पाहिलं आणि ती तशीच आत आली, भुवयांवर बर्फ, नाक लाल. मामाला बघून हसली, मग आजीच्या मांडीवरचा कागद बघून तिचं हसू गेलं.

"तू माझ्याकडे विसावा घ्यायला आली होतीस ना?" सिल्वीने विचारलं.

"हो, मम्मू," ब्रिटा म्हणाली. आजीला ती फिनी शब्दाने मम्मूच म्हणायची.

"तुझी नोकरी गेली होती."

"हो."

"मी तुला म्हटलं होतं, घाबरू नकोस. या घरात आहेस तोवर तुला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही."

"म्हणाली होतीस."

"आणि तू 'थँक्यू मम्मू' म्हणालीस."

ब्रिटा हातमोज्यांवरचे बर्फाचे गोळे तोडत उभी राहिली. एकतीस वर्षांची बाई, पण शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरीसारखी. "मला खरंच बरं वाटतं इथे," ती म्हणाली. "ते खोटं नाही."

सिल्वी रागावली असती तर बरं झालं असतं, असं व्हर्नाला वाटलं. सिल्वीने फक्त हात पुढे केला, नातीचा एक ओला हातमोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही आपल्या स्वेटरच्या खिशात ठेवले.

साडेबाराला वकीलबाई आल्या. पेल्टियर नावाच्या, गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या कचेरीतल्या. पायात रबरी बूट, काखेत एकच पातळ फाइल. आल्या होत्या विम्यासाठी, पण एल्डनने समन्स पुढे सरकवल्यावर त्यांनी कोट काढायच्या आधी तेच वाचलं.

"हातात पडून किती दिवस झाले?"

"मला सोळा," ब्रिटा म्हणाली. "माझ्या नावाचं पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं."

"उत्तर एकवीस दिवसांत द्यायचं असतं. नाही दिलं की समोरचा म्हणेल ते सगळं न्यायाधीश खरं धरतात."

"पैसेच नाहीत तर उत्तर काय देणार?"

"उत्तर म्हणजे पैसे नव्हेत. सगळे हीच चूक करतात." वकीलबाई खुर्चीत टेकल्या. "ज्यांनी कर्ज दिलं त्यांनी ते केव्हाच विकून टाकलंय. हे तिसरेच. कर्ज यांच्या मालकीचं आहे हे आधी यांना दाखवू दे. सोमवारी मी दोघांचं उत्तर दाखल करते. पण नीट ऐका, यानं वेळ मिळेल, कर्ज पुसलं जाणार नाही. पुढे झेपतील असे हप्ते बांधून घेऊ. हप्ते भरायला मात्र पगार लागतो."

"डुलुथवाले एक मार्चपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणालेत," ब्रिटा हळूच म्हणाली. ही गोष्ट व्हर्नालाही माहीत नव्हती. मार्च तीन आठवड्यांवर होता.

"मग सगळं आजच्या दुपारवर आलं," एल्डन म्हणाला.

"हो. कंपनीकडचं हे शेवटचं अपील. आज नाही झालं तर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे दोन वर्षं सहज." वकीलबाई सिल्वीकडे वळल्या. "मिसेस ओयाला, जे जमत नाही ते 'जमत नाही' म्हणायचं. बाकी मी तुम्हाला काही शिकवणार नाही. शिकवणं बरोबरही नाही."

"मी आजवर कुणापुढे रडगाणं गायलं नाही," सिल्वी म्हणाली. "नवरा गेला तेव्हाही नाही, मुलगी गेली तेव्हाही नाही."

"रडगाणं नको. हो किंवा नाही, एवढंच."

घड्याळ चालत राहिलं. सिल्वीने जेवण नको म्हटलं. नातीला जवळ बोलावून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ब्रिटा मागच्या दाराने बाहेर गेली. मग सिल्वीने मान वर केली.

"व्हर्ना, पोशाख आण."

"आई, मी पाया पडते तुझ्या."

"आण म्हटलं ना."

आणि व्हर्नाने आणला. बासष्ट वर्षांची झाली तरी आईने त्या सुरात सांगितलं की तिचे पाय आपोआप चालायचे. ती बटणं लावत असताना एल्डन अंगणात निघून गेला आणि वकीलबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. चौदा वर्षांच्या वकिलीत त्यांनी असे किती दावे हातातून जाताना पाहिले असतील, ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

दुसरी नर्स, मिसेस हॉब्स, दक्षिणेकडची निघाली. बर्फाला नवखी, बोलायला मऊ. तिने मांडीवर फॉर्म घेतला आणि सिल्वीने ताठ बसून तिला पाव खायला लावला.

"कसं आहात?"

"बरं चाललंय."

"जेवण स्वतः जेवता?"

"जेवते."

"रात्री झोप?"

"लागते."

व्हर्नाने डोळे मिटून घेतले. शब्द न् शब्द नोव्हेंबरातला होता. ब्रिटाच्या मार्च महिन्याचं काय होणार ते तिला कळून चुकलं: ही पोर याच घरात पस्तिशीची होणार, चाळिशीची होणार, आणि तिच्या नावाने पाकिटं येत राहणार.

"आंघोळीला मदत लागते?" मिसेस हॉब्सनी विचारलं.

सिल्वीने कपातली कॉफी संपवली. मग म्हणाली, "आज शनिवार आहे."

"हो."

"शनिवारी आम्ही सौना तापवतो. दगड तापले असतील आता. तुम्ही पाहुण्या आहात, या आमच्याबरोबर."

"आई, या बाई कामावर आहेत," दारात येऊन उभा राहिलेला एल्डन म्हणाला. वकीलबाईंनी त्याचं कोपर धरलं, चांगलं घट्ट.

आता हे बाहेरच्याला समजणं कठीण, पण आमच्यात ते तसंच आहे. बैठकीच्या खोलीत परक्या बाईसमोर गळ्याचं एक बटण काढायचं म्हटलं तर सिल्वीने जीव दिला असता. सौनाची, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराची, गोष्ट निराळी. तिथे आई, मुलगी, शेजारीण, पाद्र्याची बायको, सगळ्या एका बाकावर उघड्या बसतात, आणि कुणी कुणापासून काही लपवत नाही. सिल्वीचा जन्मही असल्याच एका सौनात झाला होता.

मिसेस हॉब्सनी फॉर्म छातीशी धरला. "मी वाफेत येणार नाही," ती म्हणाली. "पण आंघोळ प्रत्यक्ष बघायला मिळत असेल तर मला ती बघावीच लागते."

घरापासून सौनापर्यंत वीस पावलं. दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ. ब्रिटा उलटी चालत होती, आजीचे दोन्ही हात धरून, आणि व्हर्ना मागून कमरेला आधार देत होती. वीस पावलांत त्या चार वेळा थांबल्या. उंबऱ्यापाशी ब्रिटाने खाली बसून आजीचा एकेक पाय हाताने उचलून आत ठेवला.

बाहेरच्या खोलीत बाकावर मिसेस हॉब्स बसली. सिल्वी भिंतीच्या कठड्याला धरून मधोमध उभी राहिली.

"मम्मू, मी त्यांना सांगते काय काय करावं लागतं ते," ब्रिटा म्हणाली.

"सांगू नकोस. रोज करतेस तसं कर. बघू दे त्यांना."

तिने बटणाला हात लावला नाही. ब्रिटाने बटणं काढली, बाह्यांतून हात एकेक करून बाहेर काढले, मोजे काढले, आतले कपडे काढले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो कसा वळवायचा हे ब्रिटाला न बघता ठाऊक होतं. व्हर्नाला माहीत नव्हतं. आत खालच्या बाकावर बसवून ब्रिटाने दगडांवर थोडंसंच पाणी टाकलं, आणि मग पाठ, काखा, मांड्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या, सगळं घासून दिलं. सिल्वी कठडा धरून बसली होती. मधलं दार उघडंच होतं. मिसेस हॉब्सचा चष्मा वाफेने भरत होता, ती पुसत होती आणि परत घालत होती.

टॉवेलात गुंडाळून सिल्वीला बाकावर बसवल्यावर मिसेस हॉब्सनी पेन काढलं.

"आंघोळ एकट्याने?"

"नाही."

"कपडे?"

"नाही."

"संडासला जाता?"

"जाते. उठता येत नाही. ही उठवते. रात्री दोनदा."

हेही व्हर्नाला नवीनच होतं.

"नोव्हेंबरमध्ये तुम्ही निराळं सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं होतं," सिल्वी म्हणाली. "माझ्या मुलीला मीच तसं बोलायला लावलं. ते तिच्या नावावर लिहू नका."

मिसेस हॉब्सनी लिहिलं. "फॉर्मवर दोन लागतात," ती लिहिता लिहिता म्हणाली. "इथे तीन झाल्या. तशीच नोंद जाईल." ब्रिटा भिंतीला टेकली आणि तिने तोंडावर टॉवेल घेतला. "शेवटचं एक. हे असं केव्हापासून आहे?"

"चौदा महिने," व्हर्ना म्हणाली. "ब्रिटा आली तेव्हापासून."

सिल्वीने मान हलवली.

"रेइनो होता तेव्हापासून. तो जाईपर्यंत तोच घालायचा मला आंघोळ. कुणाला सांगितलं नव्हतं आम्ही."

"ते जाऊन तीन वर्षं झाली," मिसेस हॉब्स फॉर्म बघून म्हणाली. "आणि मधली दोन? नात यायच्या आधी? तेव्हा कोण घालायचं?"

"कुणी नाही."

आत दगडांवर पाण्याचे उरलेले थेंब चुरचुरत होते.

"रविवारी व्हर्ना यायची," सिल्वी म्हणाली, जणू कुणा दुसऱ्याचीच हकिकत सांगतेय. "त्याच्या आधी मी मोरीपाशी उभी राहून तोंड, मान, हात पुसून घ्यायचे. पावडर लावायचे. तेवढं जमायचं."

व्हर्नाला ती पावडर आठवली. आई नेहमी किती छान वासाची असते, असं ती हँकला सांगायची. ती ओल्या फळ्यांवर बसली, बाकावरचा लोकरी मोजा उचलला आणि आईचं पाऊल मांडीवर घेतलं. ते हातात कसं धरायचं हेसुद्धा तिला कळेना. अंगठ्यापाशी मोजा अडकला, तिने सोडवला, परत अडकला.

"दुसऱ्या पायात आधी घाल," आई म्हणाली. "हा दुखतो."